अस्वली आणि मुंगसाची गाठ

डोंगरांना अजून नावं पडायची होती, तेव्हाची गोष्ट. एका अस्वलीचं पिल्लू कड्यावरून घसरून खालच्या कपारीत अडकलं. मुंगसाने धावत येऊन जाडजूड वेल काठावरच्या झाडाला बांधली.

"उतर, मावशी."

अस्वली जागची हलली नाही. "मी दरीत पडले, तर माझी गुहा तुला आयतीच मिळेल. तुझ्यावर विश्वास कसा ठेवू?"

"ठेवू नकोस. पण माझं तोंड बघून गाठ कळायची नाही. ओढून बघ."

अस्वलीने पाय रोवून वेल ओढली. गाठ सुळकन सुटली.

"बघ! माझ्या जिवावर उठला होतास!" ती गुरगुरली.

मुंगसाचं तोंड उतरलं. "चुकलंच माझं. शेंडा आखूड ठेवला." त्याने पुन्हा गाठ मारली, लांब ठेवलेला शेंडा गाठीतून उलटा ओवला आणि दात लावून आवळला.

अस्वलीने ओढलं. गाठ तसूभर हलली नाही. खालून पिल्लू रडत होतं, म्हणून ती घाईने कड्याकडे वळली.

"थांब, मावशी! अजून एकदा ओढ. आता माझाच माझ्यावर विश्वास नाही."

अस्वलीने त्याच्याकडे निरखून पाहिलं. मग तिने सगळा भार टाकून वेल ओढली आणि मुंगसाला म्हणाली, "तू इथेच थांब. गाठीवर लक्ष ठेव."

एवढं बोलून ती निर्धास्त खाली उतरली, आणि पिल्लाला पाठीवर घेऊन वर आली.