दारातला उजेड

"एकही शब्द काढणार नाही! का काढावा?"

विश्राम सबनीसांनी कागदांचा गठ्ठा भानुबुवांसमोर आपटला. बायको गेल्यावर तिच्यावर लिहिलेलं हे पुस्तक. संपादकाने परत पाठवलं होतं. पुन्हा लिहा, निम्मं कमी करा, म्हणून.

मठातल्या त्या खोलीला खिडकी नव्हती. उजेड यायचा तो दारातून. म्हातारे बुवा पावट्याच्या शेंगा सोलत बसले होते.

"संपादक गाढव आहे," सबनीस म्हणाले.

"असेल. मग इथे कशाला आलास?"

"कुमुद तुमच्याकडे भजनाला यायची. तुम्ही तरी सांगा त्याला. काळीज ओतलंय मी यात."

"काळीज तुझं. कुमुद कुठे आहे?"

"पानोपानी!"

"वाच."

सबनीस ताठ बसून वाचू लागले. "कुमुद गेली आणि माझं जग विझलं. मी कोसळलो. मी आतल्या आत…"

"पुढचं पान."

"माझ्या दुःखाला भाषा नाही. मी…"

"हसताना काय व्हायचं रे तिला?"

सबनीस अडखळले. "उचकी लागायची. मग पदर तोंडावर धरून आणखीच हसायची… थांबतच नसे."

"हे कुठल्या पानावर आहे?"

"…असेल कुठेतरी."

"शोध."

सबनीसांनी पानं उलटली. मग एकदम मान वर केली.

"आणि नसलं तर नसेल! दुःख माझं आहे. मी मला हवं तसं लिहीन. एकदा पोचवून आलोय तिला, बुवा. आता ओळी खोडून पुन्हा पोचवू?"

बुवा शेंगांची परडी घेऊन उठले आणि दारात जाऊन उभे राहिले. खोलीत अंधार झाला.

"उभे राहा तिथेच. मी शोधणारच. आहे ते यात. दाखवतो तुम्हाला."

पानांची सळसळ होत राहिली. सबनीसांनी कागद डोळ्यांपाशी नेला, लांब धरला, पुन्हा जवळ आणला…

बुवा निवांतपणे शेंगा सोलत होते.

शेवटी सबनीस ओरडले, "अहो, बाजूला व्हा ना! तुम्ही मध्ये उभे, मला ती दिसणार कशी?"

बुवा हलले नाहीत.

"तीही केव्हाची हेच म्हणतेय, विश्राम… तुला."