कोळंबी, समुद्रघोडा आणि वेळेवर पडणारे दाणे

समुद्रापासून शंभर कोस दूर असलेल्या एका गावात, एका घराच्या पुढच्या खोलीत, एक छोटासा समुद्र राहत असे. लांबीला सहा फूट आणि चारही बाजूंनी काच. पण आत राहणाऱ्यांना तो पुरेसा होता. त्यात कपारींचे खडक होते, जांभळी आणि हिरवी प्रवाळे होती, पंपाने उठणाऱ्या लाटा होत्या आणि वर दिव्यांचा सूर्य होता. वासंतीबाईंनी चार वर्षे खपून तो उभा केला होता. वासंतीबाई गावोगावच्या विहिरींचे पाणी मोजण्याची नोकरी करीत. त्यासाठी त्यांना आठ-आठ दिवस दौऱ्यावर जावे लागे, आणि मग त्यांचा जीव या काचेत अडकून राही.

या समुद्रात एका झुकलेल्या खडकाखाली एक कोळंबी राहत असे. लाल अंग, पाठीवर मधोमध पांढरी रेघ आणि अंगापेक्षा लांब मिशा. ती इतकी लाजाळू होती की लख्ख उजेडात कधी खडकाबाहेर येत नसे. तिचे काम मात्र सगळ्यांच्या गरजेचे होते. मासे तिच्या खडकापाशी येऊन आ वासून थांबत आणि ती त्यांच्या तोंडात शिरून दातांत अडकलेले कण टिपून काढी. साफसफाई करणारीला कुणी खायचे नाही, असा तिथला नियमच होता. त्यामुळे कोणी काय खाल्ले आणि किती खाल्ले, हे त्याने न सांगताच तिला कळे. पण ती ते कधी बोलून दाखवीत नसे.

पूर्वी बाई दौऱ्यावर गेल्या की शेजारचे दिगंबरकाका सकाळी दिवा लावत आणि दाणे टाकत. काका मनाने फार मोठे होते आणि अडचण तीच होती. "बिचारे मुके जीव," असे म्हणून ते चिमटीऐवजी मूठ उघडत. मागच्या खेपेला उरलेले दाणे तळाशी कुजले, पाणी ताकासारखे झाले आणि दोन प्रवाळे मिटली ती पुन्हा उघडलीच नाहीत. परत आल्यावर बाई काकांना एका शब्दानेही बोलल्या नाहीत. तीन दिवस त्या बादल्या वाहून पाणी बदलत राहिल्या. चौथ्या दिवशी त्यांनी टेबलावर तारा, छोट्या मोटारी आणि पेचकस मांडले.

दोन महिन्यांनी काचेच्या काठावर वाटीएवढे एक पांढरे पिंप बसले. ठरलेल्या वेळी ते गर्रकन एक फेरी घेई आणि मोजून दाणे टाकी. दिव्यांनाही बाईंनी घड्याळ जोडले. आधी बटण दाबताच लख्ख ऊन पडे आणि मासे दचकून कपारीत शिरत. आता सकाळी सगळ्यांत आधी मंद निळा उजेड येई. तो इतका हळू वाढे की वाढताना दिसत नसे. प्रवाळे सावकाश आपली बोटे उघडत, मासे आळोखेपिळोखे देत बाहेर येत आणि तासाभराने पांढरे ऊन पडे. संध्याकाळी ऊन तसेच ओसरत जाऊन पुन्हा निळे होई. त्या निळ्या उजेडात कोळंबीसुद्धा खडकाच्या तोंडाशी येऊन बसू लागली.

"माणसाला हे सुचलं तरी कसं?" ती म्हणाली.

शेजारी एका रिकाम्या शंखात म्हातारा खेकडा राहत होता. तो म्हणाला, "सुचायचं काय त्यात, पोरी? खऱ्या समुद्राकडे नीट बघितलं असेल कधीतरी."

यंत्र तयार झाले तरी बाई लगेच दौऱ्यावर निघाल्या नाहीत. आठ दिवसांची रजा काढून त्या काचेसमोर स्टुलावर बसल्या. मांडीवर वही घेतली आणि आपल्या हाताने एक दाणाही टाकायचा नाही असे ठरवले.

दिगंबरकाका बघायला आले आणि हसले. "ताई, यंत्र राबणार आणि तुम्ही बघत बसणार? मग यंत्र केलंत कशाला?"

"मी नसताना ते काय करेल, ते मी असतानाच बघून घेते, काका."

"मी एकच चिमूट टाकू का? नुसती वासापुरती."

"काका, हात मागे!"

आतल्या मंडळींत सर्वांत खूश होता पट्टेरी मासा. तो चपळ होता आणि खादाडही. "झकास काम झालं!" तो म्हणे. "गर्र वाजलं की वर जायचं आणि हाणायचं. बाईंच्या हाताची वाट बघायला नको." पिंपाखाली पहिला तोच हजर असे आणि शेवटचा दाणाही त्याच्याच तोंडात जाई.

पण या समुद्रात एक समुद्रघोडाही होता. त्याला पोहणे जेमतेम जमे, म्हणून तो दिवसभर शेपटीने प्रवाळाची एक फांदी धरून राही. त्याचे तोंड म्हणजे एक बारीक नळी. शिवाय त्याच्या पोटात अन्न साठून राहत नसे, म्हणून त्याला दिवसातून अनेकदा थोडे-थोडे खावे लागे. आजवर बाई ड्रॉपरने मऊ खाणे थेट त्याच्या तोंडासमोर सोडत. आता यंत्रातून त्याचीही सोय व्हावी म्हणून त्यांनी थोडे दाणे खलबत्त्यात कुटून पूड केली होती आणि ती पिंपात मिसळली होती. पूड पडे आणि लाटेबरोबर घोड्याच्या समोरून जाई. घोडा नळी पुढे करून 'टक्' असा आवाज करी. ते पाहून बाई वहीत लिहीत, 'घोडा खातो', आणि पुढे बरोबरची खूण करीत.

तिसऱ्या दिवशी कोळंबीने घोड्याच्या नळीत मिशी घातली. आत एक कणही नव्हता.

"घोडेदादा, सकाळी काय खाल्लंत?"

"खाल्लं की. थोडंसं."

"थोडंसं म्हणजे किती?"

घोड्याने मान वळवली. "टक् केलं गं मी. पण लाट पूड पुढे घेऊन गेली. उद्या मिळेल. बाईंनी एवढं कौतुकानं केलंय, त्याला नाव कशाला ठेवायचं?"

उद्याही मिळाले नाही आणि परवाही नाही. पाचव्या दिवशी घोड्याच्या बरगड्या मोजता येऊ लागल्या. कोळंबीला राहवेना. दात साफ करून घ्यायला पट्टेरी मासा आला तेव्हा ती त्याला म्हणाली, "तुमच्या दातांत दाणेच दाणे, आणि घोडेदादांच्या तोंडात काहीच नाही."

"मी काय त्याची पूड खातो?" पट्टेरी मासा फुरफुरला. "मी दाणे खातो. जो पोचतो तो खातो. यात माझं काय चुकलं, सांग बघू?"

कोळंबी खेकड्याकडे गेली. खेकडा म्हणाला, "बाईंना सांग."

"कसं सांगू?"

"ते मला विचारू नकोस. मी आपला पाठीवर घर घेऊन फिरणारा. दुसऱ्याच्या भानगडीत पडायला मला सवड नाही." एवढे बोलून तो शंखात शिरला.

सातव्या दिवशी कोळंबीने कात टाकली. जुने कवच निघाले की नवे कवच दोन दिवस सायीसारखे मऊ असते. त्या दिवसांत कोळंबीने खडकाखालून हलायचे नाही, हे तिची जात पिढ्यान् पिढ्या पाळत आली आहे. कारण मऊ कवचाचा वास आला की भुकेल्या तोंडाला कोणताच नियम आठवत नाही. कोळंबी अंग चोरून बसली. तेवढ्यात काचेपलीकडून बाईंचा आवाज आला.

"काका, परवा निघते मी. सगळे व्यवस्थित खातायत. घोड्याचीच काळजी होती, पण तोही शिकला."

कोळंबीच्या मिशा ताठ झाल्या. परवा! बाई आठ दिवस गेल्या, तर परत येतील तेव्हा घोडा दिसायचाच नाही.

आठव्या दिवशी भर दुपारी घोड्याची शेपटी फांदीवरून सुटली. तो दोन कोलांट्या खात वाहत गेला आणि कशीबशी त्याने खालची फांदी पकडली. त्याच वेळी वर गर्र असा आवाज झाला आणि दाणे पडू लागले. कोळंबीने फार विचार केला नाही. केला असता तर ती गेलीच नसती. मऊ कवचानिशी ती लख्ख उन्हात बाहेर आली, खाली येणारा एक दाणा तिने पायांत पकडला आणि घोड्याकडे निघाली.

पट्टेरी मासा गर्रकन वळला. "ए बाई, आज तुझा वास काही वेगळाच येतोय."

कोळंबी थांबली नाही. "वाटेतून बाजूला व्हा. मला खाल्लंत तर उद्यापासून तुमचे दात कोण कोरणार? हे खेकडेबुवा?"

"मी? छे!" शंखातून आवाज आला.

पट्टेरी माशाने तोंड उघडले, मिटले आणि पुन्हा उघडले. त्याच्या दातांच्या फटी गच्च भरलेल्या होत्या. त्याने तिच्याभोवती एक घिरटी घातली आणि तो पुटपुटत वर गेला.

कोळंबीने दाणा घोड्याच्या नळीसमोर धरला. "खा, घोडेदादा."

टक्! दाणा नळीवर आपटून खाली पडला. तिने तो उचलून पुन्हा धरला. टक्! पुन्हा पडला. तिसऱ्यांदाही तेच झाले.

"ताई, हा माझ्या तोंडात मावायचाच नाही गं," घोडा अगदी हळू म्हणाला. "तू उगीच जीव धोक्यात घातलास."

कोळंबी तिथेच खिळली. रोज त्या नळीत मिशी घालणाऱ्या तिला नळीची रुंदी मात्र कधी लक्षात आली नव्हती. हातचा दाणा निरुपयोगी होता आणि परत जायला अंगात बळ नव्हते. ती घोड्याच्या फांदीला धरून राहिली.

तेवढ्यात काचेवर एक मोठी सावली पडली. वासंतीबाई स्टुलावरून उठल्या होत्या. चार वर्षांत ही कोळंबी त्यांना उन्हात कधी दिसली नव्हती. आज ती बाहेर होती, तीही कात टाकल्यावर, आणि एका घोड्याला घास भरवीत होती! बाईंनी भिंग आणले. मग तासभर त्यांनी दुसऱ्या कोणाकडे पाहिले नाही, फक्त घोड्याकडे पाहिले. पुढची पूड पडली. घोड्याने टक् केले. भिंगातून बाईंना स्पष्ट दिसले : टक् झाले आणि पूड तशीच पुढे निघून गेली.

"अरे देवा," बाई म्हणाल्या. "हा खात नाहीये. नुसतं तोंड मारतोय. आणि मी आठ दिवस खुणा करत बसले!"

त्यांनी वहीतल्या आठही खुणा खोडल्या. ड्रॉपर आणून घोड्याला पोटभर भरवले. कोळंबीवर हाताची ओंजळ धरून तिला तिच्या खडकापर्यंत सुखरूप पोचवले. मग कार्यालयात फोन केला. "साहेब, माझा दौरा पाच दिवस पुढे ढकला. घरी एक जण उपाशी आहे."

बाईंनी यंत्र मोडून टाकले नाही. त्यांनी पुन्हा पेचकस घेतला. घोड्याच्या फांदीपाशी एक बारीक नळी आणली आणि तिला थेंब मोजून सोडणारा छोटा पंप जोडला. त्या थेंबांत डोळ्यांना जेमतेम दिसणारे जिवंत किडे होते. लाटांच्या पंपालाही त्यांनी घड्याळ लावले. थेंब सुटू लागले की लाटा आपोआप थांबाव्यात आणि पाणी निश्चल व्हावे, अशी ही योजना होती. दिवसातून असे पाच वेळा होई. त्यांतल्या दोन वेळा त्यांनी निळ्या उजेडात ठेवल्या होत्या, एक पहाटेच्या आणि एक संध्याकाळच्या. त्या वेळी पट्टेरी मासा कपारीत पेंगत असे आणि लाजणारे बाहेर येत.

पहिल्या संध्याकाळी लाटांचा पंप घरघरत थांबला. नळीतून किड्यांचा एक थरथरता ढग बाहेर आला आणि घोड्यासमोर जागच्या जागी तरंगत राहिला. टक्. घोडा क्षणभर थांबला, जणू त्याला खरेच वाटेना. मग टक्, टक्, टक्. बाई भिंग लावून एकेक घास मोजत होत्या. एकोणीस झाले तेव्हा त्यांनी डोळे पुसले आणि वहीत पहिली खूण केली.

"काय हुशार यंत्र आहे!" कपारीतून पट्टेरी मासा झोपेत म्हणाला.

खेकड्याने शंखातून डोके बाहेर काढले. "यंत्र पहिल्या दिवसापासून हुशारच होतं, बाबा. घोडा उपाशी होता तेव्हाही ते वेळेवरच फिरत होतं."

पाच दिवसांनी वासंतीबाई दौऱ्यावर निघाल्या. जाताना त्यांनी दिगंबरकाकांच्या हाती भिंग दिले.

"दाणे किती टाकू?" काकांनी विचारले.

"एकही नाही. रोज संध्याकाळी दहा मिनिटं इथं बसा. एकेकाचं तोंड बघा आणि मला फोनवर सांगा."

"एवढंच?"

"हेच अवघड आहे, काका. बाकीचं यंत्र करतंय."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी, दूरच्या कुठल्याशा गावात विहिरीच्या काठावर उभ्या असलेल्या बाईंचा फोन वाजला. "ताई, तुमच्या घोड्यानं बावीस घास घेतले," काका धापा टाकत सांगत होते. "दोनदा मोजले मी. आणि ती लांब मिशांची लाल पोर आहे ना, ती पार काचेपाशी येऊन बसली होती. मी घास मोजतोय की नाही, ते बघत होती!"

तात्पर्य : ठरलेले काम ठरल्या वेळी करायला यंत्र पुरते, पण त्या कामाने कोणाचे पोट भरले आणि कोण उपाशी राहिले, हे पाहायला मायेचे डोळेच लागतात.