नऊ ग्रहांच्या महागुरूंचा हट्ट

"नऊच्या नऊ ग्रह माझ्या पायाशी आले. आता पुढं काय?" विश्वंभररावांनी सोनेरी दंड आपटला. "याहून मोठी सत्ता द्या! आणि महागुरूंना मारायचं नाही. जमत नसेल तर हा मी चाललो!"

झालं! कोल्हापूरच्या त्या स्टुडिओत सगळ्यांच्या तोंडचं पाणी पळालं. अवकाशातल्या या मालिकेत विश्वंभरराव सत्तेला चटावलेले महागुरू झाले होते, आणि अंगरखा उतरवला तरी महागुरूच राहायचे. समोर चहा ठेवला तरी आशीर्वाद द्यायचे! पण लोक मालिका बघत ती त्यांच्यासाठीच. ते गेले की मालिका बंद, आणि कपडेपट सांभाळणाऱ्या ताराक्काची चूलही बंद.

दिग्दर्शक काकुळतीला आले. "सूर्य देऊ?"

"भाजेल मला!"

"मग आकाशगंगा?"

"ती दिसणार कुठं? मागं नुसता निळा पडदा!"

अंगरख्याची चुणी बसवता बसवता ताराक्का म्हणाली, "महाराज, मालिकेतला सम्राट तुमच्या पाया पडतो न्हवं?"

"वाकतो मेला. पण मनापासून नाही!"

"कसा पडंल? जित्या महाराजाचा हुकूम लोक भिऊन पाळत्यात. समाधीतल्या महाराजाला नवस बोलत्यात! सम्राट अनवाणी येईल, सैन्य रांगेत उभं राहील, दर भागाला तुमची आरती!"

"म्हणजे मरायचं?"

"छ्या! महाराज मरत्यात व्हय कधी? समाधी घेत्यात!"

विश्वंभररावांचे डोळे चमकले. "आजच घेतो!"

लगेच काचेची समाधी सजली. सम्राट रांगत आला, कपाळ टेकून रडला. महागुरू आत डोळे मिटून सुखावले. दृश्य संपताच उठून बसले.

"वा! आता उद्याचे माझे संवाद आणा."

दिग्दर्शक चाचरले. ताराक्काच पुढं झाली.

"संवाद? देव कधी बोलतो व्हय, महाराज? बोलत्यात माणसं. देवानं नुसतं ऐकायचं!"

विश्वंभरराव असे खदखदून हसले की समाधीवरची फुलं खाली आली.

"अगं बये, माझ्याच हट्टानं मला गप्प बसवलंस की!" त्यांनी आपली गादीची खुर्ची मागवली. "समाधीत बसणाऱ्याला खुर्ची कशाला? दिवसभर उभी असतेस, आजपासून ही तुझी!"

ताराक्कानं आढेवेढे घेतले नाहीत. सगळ्यांदेखत ऐसपैस बसली.