कारवीची काठी

सॅकला चेन नसून नाडी असायची, तेव्हाची गोष्ट. डोंगराच्या सोंडेवरल्या दाट रानातली एक कारवी तोडून भालचंद्रनं काठी केली आणि तिच्याच आधारानं तो शिखरामागून शिखरं चढला.

एकदा तो पुन्हा त्याच सोंडेवर आला. सात वर्षांनी कारवी फुलली होती, सगळं रान जांभळं झालं होतं. काठीनं आपल्या बहिणींना लांबूनच ओळखलं.

"इथंच डोलायचे मी," ती पाठीवरच्या सॅकला म्हणाली. "आणि मला एक फूलसुद्धा नाही! आज कड्यावर मोडूनच पडते बघ."

"वेडी का काय तू!" सॅक ओरडली. "त्याचा सगळा भार तुझ्यावर असतो गं."

कड्यावर भालचंद्रचा पाय सटकला. रुसवा विसरून काठीनं अंग ताठ केलं, आणि तो सावरला.

पुढच्या वर्षी बहिणी वाळून गेल्या होत्या. कारवी एकदाच फुलते नि मरते. त्यांच्या पायाशी इवले कोंब उगवले होते.

"तू कोण गं?" कोंबांनी विचारलं.

"तुमची मावशी. फुलायचीच राहिले मी."

"मग आमची आई फुललेली पाहिलीस तू?"

"पाहिली तर!" काठी म्हणाली. "आता सांगायला मीच तेवढी राहिले."