रिकामी खुर्ची

“मग आतून ही खरखर कसली येते, बाबा?”

केवलगिरी बाबा गोठ्यामागच्या खोलीच्या दारात उभे होते. हाताला रॉकेलचा वास, बोटं गंजानं तांबडी.

“टीव्हीची,” ते म्हणाले.

प्रश्न खैरमोडेचा होता. बाबा उडवाउडवी करतील आणि आपण त्यांना धरू, असा त्याचा अंदाज होता. इतकं सरळ उत्तर आलं, तेव्हा त्याला जास्तच संशय आला.

धोंडीराम खैरमोडेची सगळी नोकरी जकात नाक्यावर गेली होती. ताडपत्री वर करून पाहिल्याशिवाय त्यानं एक ट्रक सोडला नव्हता. निवृत्तीनंतर तो चिंचखोऱ्याच्या टेकडीवर बाबांच्या मठात राहायला आला, पण नजर नाक्यावरचीच राहिली. शिधा कोण आणतं, कोण नेतं, कोण बाबांच्या कानाशी लागतं... सगळं त्याला ठाऊक असे, आणि ते ठाऊक असल्याचा त्याला अभिमान होता.

गेल्या महिन्यात एका भंगारवाल्या भक्तानं जाळीची एक मोठी छत्री मठात आणून टाकली. पूर्वी उपग्रहावरचे चॅनल पकडायला गावोगाव लावायचे तसली. सोबत गंजका रिसीव्हर आणि ढब्बू टीव्ही. संन्यास घेण्याआधी बाबांचं तालुक्याला अशाच छत्र्या बसवायचं दुकान होतं, हे मठात सगळे जाणून होते. पण सामान पाहून बाबा कोऱ्या वह्या मिळालेल्या पोरासारखे हसले, ते खैरमोडेला खटकलं. त्यानंतर रोज दुपारी बाबा या खोलीत जायचे आणि दार लोटून घ्यायचे.

याच बाबांच्या शब्दावर खैरमोडेनं टीव्ही सोडला होता. क्रिकेटसुद्धा.

त्यानं ही गोष्ट मठाच्या विश्वस्तांच्या कानावर घातली. विश्वस्त संध्याकाळी आरतीला येणार होते. खैरमोडे काय सांगतो, त्यावर बाबांचं मठात राहणं ठरणार होतं.

“काय बघता तुम्ही?” त्यानं विचारलं.

“ये की आत.”

आत पडद्यावर नुसत्या मुंग्या होत्या. पांढऱ्या, काळ्या, सैरावैरा.

“मी दार वाजवल्यावर बदललंत तुम्ही.”

बाबांनी रिसीव्हर त्याच्यापुढं सरकवला. खैरमोडेनं एकेक बटण पिळून पाहिलं. मुंग्या... मुंग्या... मुंग्या. त्यानं टीव्हीच्या मागं हात घातला. कोपऱ्यातलं पोतं उलटं केलं. वायर धरून तो खोलीबाहेर गेला आणि थेट छत्रीपर्यंत पोचला. वायरीला मधे कुठंच दुसरा फाटा फुटत नव्हता.

घाम पुसत तो परत आला.

“मला टीव्ही सोडायला लावलात.”

“हो.”

“आणि स्वतः...”

“तुला बघायचा नाद होता,” बाबा म्हणाले. “मला शोधायचा आहे. तोही नादच आहे. सुटला असं वाटलं होतं... नाही सुटला.”

“पण शोधता काय? या जुन्या डब्याला समजेल असं वर आता उरलंय काय?”

“बहुतेक काही नाही.”

“मग?”

“बहुतेक म्हणालो.”

खैरमोडे हसला. असली उत्तरं नाक्यावर त्यानं पुष्कळ ऐकली होती. “ठीक आहे. छत्री मी फिरवतो. तुम्ही आत बसा. बघू काय येतं.”

छत्री फिरवायची मोटर कधीच जळली होती. दगडी चौथऱ्यावर चढून दोन्ही हातांनी ती ढकलावी लागे आणि धरून ठेवावी लागे. सोडली की आपल्या वजनानं खाली झुके. खैरमोडेनं ती केसभर सरकवली.

“आलं का?”

“मुंग्या.”

आणखी केसभर.

“आता?”

“मुंग्याच.”

ऊन कललं. हात भरून आले, पण तो हटेना. एकदा काहीतरी पकडायचं आणि विश्वस्तांपुढं ठेवायचं, एवढंच त्याच्या मनात होतं.

“थांब!” आतून बाबांचा आवाज आला. “आलं! धरून ठेव!”

“काय आलं?”

“खुर्ची आहे... रिकामी.”

खैरमोडेचं डोकं सणकलं. नुसती खुर्ची? उपग्रहावरून कोण खुर्ची दाखवेल? म्हातारा नक्की भलतंच काही बघतोय आणि आपल्याला खुर्ची सांगतोय. त्यानं छत्री सोडली, चौथऱ्यावरून उडी मारली आणि धावत खोलीत शिरला.

पडद्यावर मुंग्या.

“कुठंय?”

“होती.”

“मी आलो आणि बरोबर गेली?”

बाबांनी मान डोलावली.

“खोटं आहे हे, बाबा.” शब्द तोंडातून निघून गेला. गुरूला असं कुणी बोलत नाही, हे त्याला कळत होतं, पण त्यानं तो मागे घेतला नाही.

बाबा गुडघ्यावर हात टेकून उठले. “तू बस इथं,” म्हणाले आणि बाहेर गेले.

खैरमोडे पडद्यापुढं बसला. बाहेर जाळी करकरली. मुंग्या थोड्या विरळ झाल्या, पुन्हा दाटल्या. बाबांनी एकदाही विचारलं नाही, आलं का म्हणून.

बराच वेळ असा गेला. टीव्ही बंद करून उठावं, असं त्याच्या मनात आलं. तेवढ्यात मुंग्यांतून काहीतरी वर आलं. आधी चार पाय. मग पाठ.

खुर्ची. लाकडी, साधी, मोकळ्या मंचावर ठेवलेली.

कुठल्याशा देशात कुठलासा कार्यक्रम सुरू व्हायचा होता. एक माणूस आला, खांद्यावरच्या फडक्यानं त्यानं खुर्ची पुसली, जरा सरळ केली आणि निघून गेला. कुणी आपल्याला पाहतंय, याची त्याला काहीच कल्पना नव्हती.

“आलं!” खैरमोडे ओरडला. “बाबा, आलं! खुर्चीच आहे! एक माणूस आला... पुसून गेला!”

“बरं,” बाहेरून बाबा म्हणाले.

त्यानं बाबांची वाट पाहिली. बाबा आले नाहीत. चित्र हललं नाही. तो पाहत राहिला.

पायऱ्यांवर चपला वाजल्या. विश्वस्त आले होते. त्यातल्या एकानं दारातून डोकं आत घातलं.

“काय खैरमोडे, काय सापडलं?”

खैरमोडेनं पडद्याकडं पाहिलं. मग त्यांच्याकडं.

“माझी चूक झाली,” तो म्हणाला. “मी नुसती खरखर ऐकली होती, आत बघितलं नव्हतं. तुम्ही आरतीला बसा... आम्ही येतो.”

विश्वस्तांनी एकमेकांकडं पाहिलं आणि ते मठातल्या देवळाकडं वळले.

तो बाहेर आला. बाबा चौथऱ्यावर उभे होते. छत्री छातीशी धरलेली, दोन्ही दंड थरथरत होते, सदरा घामानं पाठीला चिकटला होता.

“सोडा, बाबा. सोडा आता.”

त्यानं पुढं होऊन भार आपल्या खांद्यावर घेतला. मग खाली मान घालून विचारलं,

“तुम्ही बघायला का नाही आलात? मी खोटं सांगत असतो तर?”

बाबा हात झाडत खाली उतरले.

“मी सोडून आत आलो असतो, तर तुला काय दिसलं असतं?”