याइराच्या मुलीचे डोळे

हे आमचं पडकं देऊळ. चर्चला आम्ही वाडीतले लोक देऊळच म्हणतो. छप्पर कधीच गेलं, खांब तेवढे उभे आहेत. माना वर करा, म्हणजे त्यांच्या माथ्यावर कोरलेली माणसं दिसतील. एकावर लाजरस कफनासकट थडग्यातून बाहेर येतोय. दुसऱ्यावर विधवेचा मुलगा तिरडीवर उठून बसलाय. या तिसऱ्यावर याइराची मुलगी. प्रभूने तिचा हात धरलाय. सगळ्या मेलेली माणसं उठल्याच्या गोष्टी.

हे काम इनास पाथरवटाचं, असं सांगतात. घराणं नुकतंच बाटलेलं. गळ्यात क्रूस आला, पण हाताची रीत जुनीच राहिली: मूर्तीचे डोळे सगळ्यात शेवटी उघडायचे, कारण डोळे उघडले की मूर्तीत जीव येतो. तिसरा खांब चालू असताना त्याची एकुलती एक मुलगी रेजिन देवीच्या साथीत गेली. समजूत घालायला पाद्रीबाबांनी याइराची गोष्ट सांगितली. याइराची मुलगी गेली म्हणून घरचे रडत होते, पण प्रभू म्हणाला, पोर फक्त निजली आहे. बाबा बोलून गेले. इनासने ते धरून ठेवलं. बुडत्याला काडी पुरते.

त्याने दगडात रेजिनचाच चेहरा काढला. सगळं झालं, डोळे राहिले. तिथे म्हणे त्याचा हात धजेना. बायको कातरीन रोज खांबाखाली येऊन विनवायची, "उगड ना रं तिचे डोले. किती निजवशील?"

शेवटी पास्काच्या सणाला, प्रभू कबरीतून उठला त्या सकाळी, तो शिडी चढला. कातरीन रेजिनचा धुतलेला परकर घेऊन तिच्या कबरीपाशी बसली. छिन्नी वाजली. दगडातल्या पोरीचे डोळे उघडले. कबरीवरची माती होती तशीच राहिली.

ऊन उतरल्यावर कातरीन परकराची घडी घालून परत आली.

"आतापरत पोर निजली होती," ती म्हणाली. "आज मेली."

दगडातले डोळे एकदा उघडले की मिटत नाहीत. इनासने ते चुन्याने लिंपले आणि छिन्नी ठेवली, ती कायमची.

चुना पावसात धुऊन जातो. म्हणून आजही पास्काच्या आदल्या दिवशी, वर्षभरात ज्या घरातलं मूल गेलं असेल, त्या घरची आई शिडी चढून ते डोळे पुन्हा मिटवते. फादर दरवर्षी रागावतात, सणाला हे शोभत नाही म्हणतात. देवावर आमचा विश्वास नाही असं नाही हो. पण उठून आलेलं पोर वाडीत अजून कोणी पाहिलेलं नाही, आणि शिडी लागली नाही असं एक वर्ष गेलेलं नाही.

यंदाचा चुना माझ्या सुनेने लावला. शिडी मी धरली होती.