ज्याला कुणी धरेना, तो सोननाक

ओढ्यावर पूल नव्हता, गावात घड्याळ नव्हतं, त्या काळची ही गोष्ट. कुणाच्या आज्यानंही ती डोळ्यांनी पाहिलेली नाही, तरी कुसाळ्यातलं शेंबडं पोरदेखील ती शपथेवर सांगतं. ओढ्याच्या अल्याड कुसाळे, पल्याड नांदखोरे. दोघांचा देव एकच, भैरोबा. भांडणं मात्र सतराशे साठ. चैत्रात जत्रा भरायची आणि जत्रेच्या तिसऱ्या दिवशी ओढ्याच्या कोरड्या वाळूत दोन्ही गावांचा हुतूतूचा डाव व्हायचा. जिंकेल त्या गावाचं निशाण वर्षभर देवळावर. आणि कुसाळे ओळीनं सात वर्षं हरत आलेलं.

सात वर्षं दुसऱ्याचं निशाण फडफडताना बघून कुसाळ्याच्या केरोजी पाटलाला अन्न गोड लागेना. आठव्या वर्षी त्याच्या डोक्यात एक कल्पना आली. माणूस हुशार नव्हता, पण लबाड होता, आणि लबाडाला कधीकधी हुशारापेक्षा लवकर सुचतं. त्यानं सोननाकाला बोलावून घेतलं.

सोननाक गावकुसाबाहेरच्या वस्तीतला. पाटलाचे सांगावे गावोगाव पोचवायचं काम त्याच्याकडे. तो पळायला लागला की वारा मागं राहायचा, असं म्हणतात. आणि दम तर असा की चार कोस पळून आला तरी बोलताना धाप नाही. हा दम काही त्यानं तालमीत कमावला नव्हता. तालमीत त्याला घेणार कोण? गावात शिरायचं तर त्याला वेशीपासून आवाज देत यावं लागायचं, म्हणजे लोक बाजूला होतील, कुणाच्या अंगावर सावली पडणार नाही. आवाज मध्येच तुटला तर फटके. मग हा वेशीपासून चावडीपर्यंत एका दमात ओरडत यायचा. चालायला लागल्यापासून हेच. छातीचा भाता होणार नाही तर काय?

"सोन्या, परवा डावात उतरायचं," पाटील म्हणाला.

"म्या? म्या कसा उतरू, पाटील?"

"पायानं. दुसरं कशानं उतरत्यात?" पाटील हसला. "आरं येड्या, तुला हात लावंल कोण? लावला तर बाटला. तू नुसतं हुतूतू करत जायचं, शिवायचं आन माघारी यायचं. सात जणांला शिवलास की साती मेले. डाव आपला."

सोननाकाला यातलं अर्धं कळलं, अर्धं नाही. पण त्यानं सगळा धीर गोळा केला आणि विचारलं, "जिंकलो तर?"

"माग की काय मागतोस."

"वस्तीच्या बायकांला वरच्या डोहाचं पानी."

उन्हाळ्यात ओढा आटायचा आणि दोनच डोह राहायचे. वरच्या डोहाचं पाणी गावाला. खालच्या डोहात म्हशी बसायच्या, गावची धुणी व्हायची, आणि ते पाणी वस्तीला. पाटलानं मान खाजवली. पण सात वर्षांची हार फार वाईट असते. "दिला शबूद," तो म्हणाला. "पन जिंकलो तरच. हरलो तर पुन्यांदा नाव काढायचं न्हाई."

घरी येऊन सोननाकानं बायकोला सांगितलं. तिचं नाव ठकू. ती म्हणाली, "तुला धरनार कुनी न्हाई, मंग तू हरशील कसा?"

"तेच तर मला बी कळंना," सोननाक म्हणाला.

डावाच्या दिवशी वाळूत राखेची रेघ ओढली. पंच म्हणून तिसऱ्याच गावचा दाजी गुरव बसला, कारण त्याचं कुणाशीच पटत नव्हतं, म्हणजे तो दोघांनाही सारखाच. कुसाळ्याचे सहा गडी हातात हात धरून उभे राहिले. सातवा सोननाक चार हात लांब, चुकलेल्या ढोरासारखा एका कोपऱ्यात. आपल्याच गड्यांच्या किती जवळ उभं राहायचं हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

पाटलानं खूण केली. सोननाकानं छाती भरून घेतली आणि रेघ ओलांडली. हुतूतूतूतू. नांदखोऱ्याचे सातही गडी कोंबड्यांसारखे पांगले. पण हा वाऱ्याला मागं टाकणारा! त्यानं एकाच्या खांद्याला हात लावला आणि माघारी आला.

"शिवला!" कुसाळे ओरडलं.

दाजी गुरवानं त्या गड्याला विचारलं, "काय रं, शिवला का?"

गडी घाबरला. हो म्हणावं तर डावात मेला, आणि वर साऱ्या जत्रेदेखत बाटला. म्हणजे आंघोळ, शुद्धी, पंगत आणि वर्षभर टोमणे. तो म्हणाला, "छ्या, वारा लागला."

दुसऱ्या चढाईत एकाच्या पोटरीला थाप बसली. आवाज पार जत्रेपर्यंत गेला. तो म्हणाला, "माशी बसली आसंल."

"डोळ्यांनी बघितलं आम्ही!" कुसाळ्याचे गडी नाचायला लागले.

तेव्हा नांदखोऱ्याचा एक म्हातारा काठी टेकत उठला. "लेको, एवढं शिवाशिवीचं कळतं तुमाला, तर सकाळपास्नं त्येच्या शेजारी हुबं हायसा, त्यात तुमी किती शिवलात, ते आदी सांगा!"

सहाही गडी आणखी दोन हात लांब सरकले.

दाजी गुरवाच्या डोक्याचा पार भुगा झाला. शिवलेला मेला, हा नियम. पण ज्याला शिवलं तोच शिवला नाही म्हणतो. शिवला म्हणून निकाल द्यावा तर आपण त्याला बाटवल्यासारखं होतं, ते पाप कुणाच्या माथी? न द्यावा तर डोळे फुटले का? तो नुसता मान हलवत राहिला. त्या हलण्याचा अर्थ हो की नाही, हे दोन्ही गावांनी आपापल्या सोयीनं ठरवलं.

पण सर्वांत जास्त घोटाळा झाला होता सोननाकाचा. त्याला वाटलं, आवाज देत आलो की माणसं बाजूला पळतात. हे तर गावात रोजच होतं. मग ह्यात डाव कसला? आणि आज हात लागला तरी लागला नाही म्हणतात. हात लागूनही काही होत नसेल, तर वेशीपासून आरडत यायला लावलं ते कशापायी? त्यानं दोन्ही बाजूंच्या तोंडांकडे पाहिलं. उत्तर देईल असं तोंड त्याला एकही दिसलं नाही.

एवढंच त्याला समजलं, की असं होत राहिलं तर एकही मरणार नाही, डाव जिंकता येणार नाही, आणि ठकूच्या डोक्यावर तेच म्हशींचं पाणी. तेव्हा त्यानं मनाशी ठरवलं, आता जाईन तो कुणी 'शिवला' म्हणेस्तोवर माघारी यायचा नाही.

ही त्याची तिसरी चढाई. ऊन माथ्यावर होतं तेव्हा त्यानं रेघ ओलांडली. हुतूतूतूतू. याला शिवला, त्याला शिवला, साती जणांना शिवला. वारा, माशी, गवताचं कुसळ, घाम, एक ना दोन. कुणी कबूल होईना आणि कुणी धरीना. रिंगणाबाहेर गेलं तरी बाद, म्हणून कुणाला पळूनही जाता येईना. सावल्या लांबल्या तरी त्याचा आवाज तुटला नाही. मेवामिठाईवाल्यांनी पालं उतरवली. झाडाखाली सोडलेले बैल त्या आवाजावर माना हलवायला लागले. बायकांनी आणलेल्या भाकरी वाळल्या. वाळूचे कण तापल्या तव्यावरच्या मोहरीसारखे जागच्या जागी उडत होते आणि वारा नसताना वरच्या डोहाच्या पाण्यावर लहरी उठत होत्या, असं म्हणतात.

नांदखोऱ्यात नागोजी नावाचा एक धनगर होता. उधळलेला एडका शिंगाला धरून जागेवर थांबवायचा, असा गडी. सात वर्षं नांदखोरे जिंकत होतं ते त्याच्या पकडीवर. त्याला दुपारपासून चार वेळा हात लागला होता आणि चारही वेळा तो काहीच बोलला नव्हता, नुसता पायाकडे बघत उभा राहिला होता. आता त्याचं लक्ष सोननाकाच्या ओठांकडे गेलं. ओठ जांभळे पडले होते. डोळे पांढरे होत होते. पाय वाळूत गुडघाभर रुतल्यासारखे जड पडत होते. आवाज मात्र चालूच. हुतूतूतूतू.

"दम सोड, मर्दा," नागोजी हळूच म्हणाला. "मरशील की."

सोननाकानं मान हलवली. नाही.

पुढं जे झालं ते डोळ्याचं पातं लवायच्या आत झालं. नागोजी ओरडला, "मला शिवला! दुपारीच शिवला!" आणि त्यानं झेप घेऊन सोननाकाला कमरेत कवळा घातला. पडणाऱ्या माणसाला धरावं तसा धरला, छातीशी. सोननाकाचा दम तिथंच तुटला. त्यानं एवढा मोठा श्वास आत ओढला की देवळावरचं निशाण ओढ्याकडे वळलं, असं म्हणतात.

आणि मग जो काही गोंधळ झाला!

"आमच्या गड्यानं धरला, दम तुटला, तुमचा मेला!" नांदखोरेवाले म्हणाले.

"शिवला म्हणून तुमचा गडी आदीच मेला हुता! मेलेला मानूस धरंल कसा?" कुसाळेवाले म्हणाले.

तेव्हा प्रश्न आला, शब्द आधी का हात आधी? अर्ध्यांनी शब्द आधी ऐकला होता, अर्ध्यांनी हात आधी पाहिला होता. दाजी गुरवानं शेवटी नागोजीलाच विचारलं.

"मला ठावं न्हाई," नागोजी म्हणाला. "मानूस मरत हुता."

हे ऐकून दाजी गुरव उठला, धोतर झटकलं आणि निकाल न देताच आपल्या गावी चालता झाला. पुन्हा तो कुठल्याच डावाला पंच बसला नाही. नांदखोऱ्याच्या म्हाताऱ्यांनी नागोजीला आंघोळीला पिटाळलं, तर तो म्हणाला, "आंगोळ त्येला लागंल. माझ्या अंगाला मेंढरांचा वास हाय." आणि तसाच घामेजलेला घरी गेला. आठ महिने त्याच्या घरचं पाणी कुणी प्यायलं नाही. त्याच्या मेंढरांना काही फरक पडला नाही.

दुसऱ्या दिवशी उजाडायला ठकू वस्तीच्या सगळ्या बायका घेऊन वरच्या डोहावर गेली. हातात घागरी. गावात बोंब झाली. केरोजी पाटील चार माणसं घेऊन धावत आला.

"कुणी सांगितलं गं तुमाला हितं यायला?"

"तुमीच की," ठकू म्हणाली. "जिंकलो तर वरचं पानी, असा शबूद दिलाय."

"जिंकलो कुठं? निकाल कुठं लागलाय?"

ठकूनं घागर खाली ठेवली. पलीकडच्या काठावर नांदखोऱ्याचे लोक पाणी भरत होते. त्यांचे हात थांबले. कान इकडं लागले. ठकू त्यांना ऐकू जाईल असं मोठ्यानं म्हणाली, "मंग हरलो का, पाटील?"

पाटलानं तोंड उघडलं. मिटलं. पुन्हा उघडलं. सात वर्षं हरलेला माणूस तो. आठव्यांदा, आणि तेही नांदखोरे ऐकत असताना, 'हरलो' म्हणायचं? जीभ वळेना. सूर्य कासराभर वर आला तरी तो तसाच उभा होता, असं म्हणतात.

"हरलो न्हाई," तो शेवटी पुटपुटला.

"मंग भरा गं," ठकू म्हणाली.

सोननाक तीन दिवस अंथरुणाला खिळला होता. वरच्या डोहाचं पाणी पिऊन उठला, पण आवाज गेला तो गेलाच. पुढं गावात यायचा तो मुक्यानं. आवाज नाही, तर बाजूला कधी व्हायचं हे लोकांना कळेना. माणसं दचकायची, कुणी सरकायचं, कुणी विसरायचं, आणि विसरणारे हळूहळू वाढत गेले. गाव एका दिवसात शहाणं झालं असं कुणी सांगितलं तर खोटं समजा. गावं एका दिवसात शहाणी होत नसतात. ती आधी गोंधळतात, बराच काळ गोंधळलेलीच राहतात.

तो डाव कोण जिंकलं हे अजून ठरलेलं नाही. चैत्रात दोन्ही गावं ओढ्याच्या वाळूत अजून जमतात, पहिला तास त्याच वादात जातो. तिथं पंच बसवत नाहीत. ज्याला हात लागला त्यानं आपणच हात वर करायचा आणि 'शिवला' म्हणायचं. बाहेरगावचे संघ येतात, ते हे बघून हसतात, मग चक्रावतात, मग खेळतात.

आणि पहिली चढाई सोननाकाची. चिठ्ठी टाकून एक गडी निवडतात. तो हुतूतू करत रेघ ओलांडतो. समोरच्या सातांनी जागचं हलायचं नाही. सातांनी मिळून त्याला धरायचं आणि त्याचा दम संपेपर्यंत धरून ठेवायचं. त्याचा गुण मोजत नाहीत. जो बाजूला सरकला त्याला त्या वर्षी डावात जागा नाही, मग तो कुणाच्याही घरचा असो. आजपर्यंत दोघेच जण सरकले. दोघेही पाटलाच्या घरचे. दोघांनाही काठावर बसवून डाव खेळला गेला, आणि दोन्ही वर्षं कुसाळे जिंकलं.